सुतक दहा दिवसांचं

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि मी रोहा स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर उभा होतो. सकाळपासून फोनला चिकटलेलो. आकडे वर-खाली होत होते, ग्रुपवर स्टिकर पडत होते आणि दुपारपर्यंत एवढं कळलं होतं की भाजपला एकट्याला २७२ गाठता येत नाहीत. तेवढ्यात एक मुलगा आणि एक मुलगी आले. मुलाच्या हातात फोन, मुलीच्या हातात माइक. कुठल्यातरी यूट्यूब चॅनलचे होते. मुलीने माइक माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘‘देशाचा पंतप्रधान बदलायला हवा का? तरुण म्हणून तुम्हाला काय वाटतं?’’

मी बोललो. बावीस सेकंद बोललो, न अडखळता, हातवारे करून. टपरीवाला ‘वा!’ म्हणाला. संध्याकाळी क्लिप आली, मित्रांनी फॉरवर्ड केली, आणि रात्री मी ती स्वतः पाचव्यांदा बघत असताना लक्षात आलं, की ही वाक्यं मी कुठेतरी वाचलीयत. शोधलं तर सापडली. सकाळी दहा-सव्वादहाला बघितलेल्या एका रीलमधली होती. क्रमही तोच. एक विनोद होता, तोही तिथलाच.

बदल हवा म्हणालो की नको म्हणालो, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यातले निम्मे तिथेच खूश होतील, निम्मे तिथेच चिडतील आणि पुढचं कुणी वाचणार नाही. शिवाय ते मत माझं नव्हतंच, तर तुम्हाला ते कुठल्या अधिकाराने सांगू?

मला टोचलं ते वेगळंच. त्या दिवशी सकाळी मी कोलाडहून रिक्षाने आलो होतो. मुंबई-गोवा महामार्गाचं आमच्या बाजूचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मधे मनमोहन सिंग गेले, मोदी आले, राज्यात किती मुख्यमंत्री झाले ते बोटांवर मोजावं लागेल, आणि तो रस्ता अजून ‘चालू’ आहे. त्या दिवशीही खड्ड्यात डोकं टपाला आपटलं होतं. देशाच्या नेत्याबद्दल मला कुणी विचारत होतं आणि मी या रस्त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आठवलाच नाही. ज्या गोष्टीतून मी तासाभरापूर्वी आलो होतो ती माझ्या मतात कुठेच नव्हती.

आजीला क्लिप दाखवली. ती सत्तरीची आहे. फोन लांब धरून बघते. तिने पूर्ण बघितली आणि म्हणाली, ‘‘चांगलं बोललास. कोणाचं काय गेलंय पण?’’

मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, ‘‘आजी, कोण गेलेलं नाहीये. निवडणूक आहे.’’

‘‘कळतंय मला. तू असा बोलत होतास ना, मयताला गेल्यासारखा. तिथं सगळे एकसारखंच बोलतात. म्हणून विचारलं.’’

मग तिने १९८४ ची गोष्ट सांगितली. ती मी तुकड्यातुकड्याने आधीही ऐकली होती, पण तिच्यात काय आहे ते तोवर कळलं नव्हतं.

आजीचं माहेर उरण तालुक्यातलं. लग्न होऊन रोह्याला आली. आजोबा धाटावच्या एमआयडीसीत कामाला आणि घरची थोडी भातशेती. तिकडे माहेरी मात्र शेतीचं काय होणार हाच प्रश्न होता, कारण १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या पंचाण्णव गावांची जमीन घ्यायची ठरलं होतं, सिडको त्यासाठीच स्थापन झाली होती. मिळणारा भाव आणि जाणारी जमीन यांचा मेळ लागत नव्हता. दि. बा. पाटील हे त्या शेतकऱ्यांचे पुढारी. नवी मुंबईच्या विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं यावरून २०२१ मध्ये मोर्चे निघाले, मानवी साखळी झाली, ते तुम्हाला आठवत असेल. तेच दि. बा.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघरच्या बाजूला आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. आजीचा भाऊ त्या गर्दीत होता. दोन दिवस घरी निरोप नव्हता. मोबाइल तर सोडाच, तेव्हा दिवा मार्गाची गाडीसुद्धा रोह्यापर्यंत आलेली नव्हती. एसटीने जायचं तर पेण, मग पुढे. आजोबा जाऊन आले. भाऊ जिवंत होता, पायाला लागलं होतं. आजी म्हणते, त्या दोन दिवसांत तिने चूल पेटवली ती फक्त पोरांसाठी.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला दिल्लीत इंदिरा गांधींची हत्या झाली.

आमच्याकडे ते दिवस कापणीचे. दिवाळी आठवड्यापूर्वीच झाली होती. आजी शेतावरून भारा घेऊन येत होती तेव्हा आळीतल्या मास्तरांच्या अंगणात माणसं रेडिओभोवती बसलेली दिसली. बीबीसीवर दुपारपासून कळलं होतं, आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं. आजीने भारा खाली टाकला आणि तिथेच बसून रडली. तिने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची आणीबाणी, त्यांची बँकांची गोष्ट, यातलं तिला फार माहीत नव्हतं. ‘‘पण बाय होती ना रे. घरातच मारलं तिला. स्वतःच्या राखणदारांनी.’’ आळीत त्या रात्री कुणाकडे मासळी शिजली नाही.

त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. आईचा अंत्यविधीही व्हायचा होता. देशाचा नेता बदलला होता आणि कुणाला काही विचारलेलं नव्हतं. घटनेप्रमाणे विचारायची गरजही नव्हती. पंतप्रधान आपण थेट निवडत नाही, खासदार निवडतो, हे आपण नागरिकशास्त्रात पाच मार्कांसाठी शिकतो आणि विसरतो. नेहरू गेले तेव्हा, २७ मे १९६४ ला, गुलझारीलाल नंदांनी हंगामी कारभार पाहिला. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांनी पक्षातल्या लोकांची मतं चाचपली आणि ९ जूनला शास्त्रींनी शपथ घेतली. मोजून बघा, तेरा दिवस. योगायोगच, पण आपल्याकडे घरातलं माणूस गेल्यावर कारभार कुणाच्या हातात हे बोलायला जेवढा वेळ जाऊ देतात तेवढाच. १९८४ मध्ये तो वेळ कुणी घेतला नाही. कारणंही होती, देश पेटायला लागला होता.

पेटला तोही कुठल्या गोष्टीने? दुःखानेच. म्हणजे तसं म्हटलं गेलं. पुढचे तीन दिवस दिल्लीत शिखांना घराघरातून ओढून मारलं. सरकारी समितीने पुढे दिल्लीतला आकडा दिला तो २,७३३. ते सगळं शोकाच्या भरात झालं हे खरं नाही. शोकाला एवढ्या याद्या, एवढं रॉकेल आणि एवढी वाहनं लागत नाहीत. पण शोकाची भाषा तिथे कामाला आली. मोठं झाड पडलं की जमीन हादरतेच, अशा अर्थाचं नवे पंतप्रधान त्याच महिन्यात जाहीर सभेत बोलले. हे मी अलीकडे वाचलं. आजीला हे तेव्हा माहीत नव्हतं. मास्तरांच्या रेडिओवर त्याबद्दल फारसं काही आलंच नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निवडणूक लागली. वालाच्या शेंगा भरण्याचे दिवस, पोपटीचे दिवस. (पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, जमलं तर कोंबडी, आणि वर जाळ. रायगडात थंडीतलं राजकारण या जाळाभोवती होतं.) पोपटीच्या जाळाभोवती बसून आजोबा आणि आळीतले सगळे म्हणत होते, या वेळी हात. यात चर्चा करण्यासारखं काही नाही. बाई गेली, देशासाठी गेली, आता तिच्या मुलाच्या पाठीशी उभं राहायचं. माणूस मेलं की हिशेब मिटवायचे.

आणि आजी म्हणाली, मी लाल बावट्याला देणार. कुलाबा मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाकडून दि. बा. पाटील उभे होते.

आजोबा चिडले नाहीत, दुखावले. मला हे महत्त्वाचं वाटतं. त्यांना ती कृतघ्न वाटली. ‘‘तू तर रडली होतीस,’’ ते म्हणाले. आळीतल्या बायकासुद्धा म्हणाल्या, तुझे डोळे सुजले होते गं, ते काय खोटं होतं?

आजीचं उत्तर असं होतं: ‘‘सुतक दहा दिवसांचं असतं. मत द्यायला दोन महिने झाले.’’

मी या वाक्यापाशी बरेच दिवस अडकून बसलो आहे. पहिल्यांदा ऐकताना ते फक्त चलाख उत्तर वाटतं. नंतर वाटायला लागलं, की आपल्या सगळ्या गोंधळाचा पत्ता त्यात आहे. नेता बदलला, गेला, पडला, आला, की आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं समाचाराला जाण्यासारखं असतं. मयताच्या घरी तुम्ही मत मांडायला जात नाही. तिथे ठरलेली वाक्यं असतात, ‘फार चांगला माणूस होता’, ‘असं व्हायला नको होतं’, आणि ती बोलायचीच असतात. ती खोटी नसतात. ती मत नसतात, एवढंच. लग्नातही तसंच आहे. १९७७ ला इंदिराबाई हरल्या तेव्हा लोकांनी पेढे वाटले, १९८० ला त्या परत आल्या तेव्हाही वाटले, आणि काही घरांत दोन्ही वेळा त्याच माणसाने वाटले असणार. त्याला ढोंगी म्हणायचं का? मला नाही म्हणवत. तो आळीबरोबर होता. एकत्र असणं ही माणसाची खरी गरज आहे आणि देशाचा नेता बदलणं हा आपल्याकडे एकत्र असण्याचा फार मोठा प्रसंग असतो.

घोटाळा पुढे होतो. कुणीतरी ती वाक्यं गोळा करतं आणि सांगतं, हे जनमत. मग ते जनमत आपल्याला परत ऐकवलं जातं, आणि आपण म्हणतो, अरे, सगळ्यांना असंच वाटतंय म्हणजे मलाही वाटत असणार. माझी बावीस सेकंदांची क्लिप बघून कुणाला तरी असंच वाटलं असेल. एका रीलमधून उचललेलं मी बोललो, आणि माझ्यावरून कुणीतरी ठरवलं की ‘रोह्यातल्या तरुणांना’ काय वाटतं.

पण आजोबांची बाजू मला इतक्या सहज सोडता येत नाही. ती कमजोर नव्हती. ते कारखान्यात काम करणारे, सातवी शिकलेले, रोज पेपर वाचणारे गृहस्थ होते. आजी सांगते, की त्यांचं म्हणणं नुसतं दुःखाचं नव्हतं. ते म्हणायचे, गोळी घालून जर सरकार बदलता येतं असं एकदा ठरलं, तर उद्या कुणीही उठून बदलेल. ज्याने मारलं त्याला दाखवून द्यायचं की मारून काही बदलत नाही. आता हा विचार आहे. यात शोक आहे, पण शोकाच्या पुढचं पाऊलही आहे. त्या निवडणुकीत ज्या ५१४ जागांवर मतदान झालं त्यातल्या ४०४ काँग्रेसला मिळाल्या. एवढ्या जागा नेहरूंनाही कधी मिळाल्या नव्हत्या. त्या सगळ्या मतदारांना ‘भावनेच्या लाटेत वाहून गेले’ म्हणणं सोपं आहे. आपण टीव्हीवर ‘सहानुभूतीची लाट’ असं म्हणतो, जशी काही ती समुद्रातून आली. त्या लाटेत माझे आजोबा होते आणि ते विचार करत होते.

मग आजोबा चुकले कुठे? चुकलेच असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप एकाच जागी आहे. मारेकऱ्याला उत्तर म्हणून मत देताना ते आजीच्या भावाला विसरा म्हणत होते. ‘हिशेब मिटवायचे’ म्हणजे कुणाचे? बाईंचे आणि त्यांच्या विरोधकांचे हिशेब मिटवायला हरकत नव्हती, त्या गेल्या. उरणच्या शेतकऱ्यांचा हिशेब गेलेल्या बाईंशी नव्हताच, तो जिवंत असलेल्या सरकारशी होता, आणि ज्या राज्यात त्याच पक्षाचं सरकार असताना गोळ्या चालल्या होत्या ते राज्य कुठे गेलं नव्हतं. मरणाने वैर संपतं हे आपल्याकडचं शहाणपण खरं आहे. पण मेलेल्या माणसाचं पुण्य जिवंत माणसाच्या खात्यावर आपोआप जमा होतं, असं त्यात कुठे म्हटलंय? मुलगा म्हणून घर मिळतं. देशही तसाच मिळावा का, हा प्रश्न विचारायला त्या डिसेंबरमध्ये जागाच नव्हती. विचारणारा निर्दय ठरत होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या महाडला १९२७ साली ज्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत याच गोष्टीबद्दल बजावून ठेवलं होतं. थोर माणसांबद्दल कृतज्ञ असावं, पण कृतज्ञतेलाही सीमा असते. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा डॉ. आंबेडकरांच्या म्हणण्याचा आशय. ते भाषण हल्ली दोन्ही बाजूचे लोक एकमेकांच्या अंगावर फेकतात. माझ्या लक्षात राहतं ते त्यातलं कृतज्ञतेचं. कारण भक्ती म्हटलं की आपल्याला दुसरा माणूस दिसतो, आणि कृतज्ञता म्हटलं की स्वतःचा चेहरा दिसतो.

निकाल लागला. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या. उरलेल्या पाचांत बारामतीला शरद पवार, राजापूरला मधू दंडवते, मुंबईत गिरणी संपाचे दत्ता सामंत, औरंगाबादला साहेबराव डोणगावकर आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील. देश एका बाजूला गेला आणि आमचा मतदारसंघ दुसऱ्या.

यावरून लगेच ‘आम्ही रायगडकर स्वतंत्र बुद्धीचे’ असा स्टेटस ठेवायला नको. एका निकालाला एकच कारण नसतं. शेकापचं मूळ इथे आधीपासून खोल होतं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप केला होता, त्या मातीतला हा पक्ष. १९७७ ला दि. बा. याच मतदारसंघातून जिंकले तेव्हा ते देशाच्या वाऱ्याबरोबरच होते, १९८० ला वारा फिरला आणि जागा काँग्रेसकडे गेली. १९८९ ला देशाने राजीव गांधींना उतरवलं, तेव्हा आम्ही काँग्रेसच्या अंतुल्यांना निवडून दिलं. म्हणजे आमच्या लोकांना लाटेच्या उलट पोहायची हौस आहे की आपल्या जिल्ह्याचा माणूस दिसला की बाकी सगळं विसरायची सवय आहे, हे ज्याने त्याने ठरवावं. मला १९८४ चा निकाल आवडतो त्याचं कारण घरगुती आहे. त्या मतांच्या ढिगात एक मत असं होतं जे देणारी आधी रडली होती.

आपल्याला वाटतं, दुःखात माणसाची बुद्धी जाते आणि दुःख बाजूला ठेवलं की बुद्धी येते. आजीच्या बाबतीत तसं झालं नाही. तिच्याकडे दुःखं दोन होती. एक सगळ्यांचं, रेडिओवरून आलेलं. एक जानेवारीतलं, तिचं एकटीचं, ज्याला रोह्याच्या आळीत फारसं कुणी भागीदार नव्हतं. पहिलं तिने सगळ्यांबरोबर पाळलं आणि संपवलं. दुसरं संपत नव्हतं, कारण जमिनीचा प्रश्न मिटला नव्हता. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळवून देणारा तोडगा पुढे निघाला तो या आंदोलनाच्या रेट्यामुळे, आणि त्याचे कागद आजीचा भाऊ म्हातारा होईपर्यंत फिरत राहिले. तिने दुःख बाजूला ठेवलं नाही. तिने कुठलं दुःख कुठे न्यायचं ते ठरवलं.

रोह्याचंच अजून एक उदाहरण आहे, बरंच मोठ्या माणसाचं. आमच्या गावच्या कॉमर्स कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग नेहरूंच्या मंत्रिमंडळात सहा वर्षं अर्थमंत्री, आणि १९५२ ला कुलाब्यातून निवडून गेलेले. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायची आणि आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशी करायची नाही, हे त्यांना मान्य नव्हतं, आणि ते त्यांनी लोकसभेत पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं. शाळेत आम्हाला हे ‘बाणेदारपणा’ या शब्दाखाली शिकवलं. मला त्यात बाणेदारपणापेक्षा उशीर दिसतो, चांगल्या अर्थाने. मुंबईतला गोळीबार नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मधला. राजीनामा जुलैमधला. त्या मधल्या महिन्यांत महाराष्ट्रभर संताप होता, तो रोज वाक्यं मागत असणार. अर्थमंत्र्याची बावीस सेकंदं मिळाली असती तर कुणाला नको होती? देशमुखांच्या आणि आजीच्या पायरीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण दोघांचा गोळीबार जानेवारीतला आणि दोघांचं उत्तर वर्ष अर्धं सरल्यानंतरचं.

हा उशीर आता आपल्याकडे उरलेला नाही, ही माझी खरी भीती. आजीच्या बातमीला भारा खाली टाकायला, मास्तरांच्या अंगणात बसायला, रडायला, घरी जायला, न बोलता जेवायला वेळ होता. त्यानंतर आठ आठवडे. मला ४ जूनला सकाळी दहाला रील मिळालं आणि साडेबाराला मी त्यावर मत दिलं होतं. ९ जूनला शपथविधी झाला तोपर्यंत मी विषय बदललेला होता, दुसऱ्या कशावर तरी चिडलेलो होतो. सुतक नाहीच. दहा दिवस सोडा, दहा मिनिटं नाहीत. आणि जिथे सुतकच नाही तिथे ते फिटतही नाही. आपण कायम अर्धवट सुतकात असतो, कायम समाचाराची वाक्यं बोलत असतो.

कुणी म्हणेल, मग बोलूच नये का? माइक समोर आला तर ‘मला माहीत नाही’ म्हणावं? मी तसं करून बघितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या वेळी राम मारुती चौकात पुन्हा एकाने विचारलं, कोण मुख्यमंत्री व्हावा. मी म्हटलं, ठरवलं नाही. तो पुढच्या माणसाकडे वळला, माझं काही दाखवलं नाही. म्हणजे न ठरवलेल्या माणसाला जनमतात जागा नाही. शिवाय ‘ठरवलं नाही’ हेही अर्धं खोटं होतं. मला नुसतं शहाणं दिसायचं होतं. गप्प बसणं म्हणजे विचार करणं असं काही नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. त्यापेक्षा रस्त्याबद्दल बोललो असतो तर बरं झालं असतं. टपाला डोकं आपटलं होतं ते तरी माझं होतं.

एक गोष्ट मला आजीला विचारायची होती, ती परवा विचारली. आजोबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या डिसेंबरात दोघं मतदानाला एकत्र गेली होती, शाळेत. आजोबा पुढे, ती मागे. कागदाची मतपत्रिका आणि शिक्का. बाहेर आल्यावर दोघं बोलत नव्हती. रात्री आजोबांनीच विचारलं, मीठ कुठंय, आणि ते भांडण संपलं.

मी म्हटलं, ‘‘आजी, आजोबांनी शेवटी हातालाच दिलं ना?’’

ती वाल सोलत होती. म्हणाली, ‘‘मला काय माहीत?’’

‘‘म्हणजे? एवढं भांडलात दोन महिने.’’

‘‘भांडलो ते घरात. आत ते एकटे गेले होते. मी कधी विचारलं नाय, त्यांनी कधी सांगितलं नाय. त्यांनी पण मला नाय विचारलं.’’

‘‘तू तर आधीच सांगितलं होतंस की लाल बावटा म्हणून.’’

‘‘सांगितलं होतं,’’ ती म्हणाली, आणि सोललेल्या वालाचं ताट माझ्याकडे सरकवून टरफलं गोळा करायला लागली.